कुत्रं त्यांचं, जिना सगळ्यांचा

नेरुळच्या आमच्या सोसायटीत माझी ख्याती फारशी चांगली नाही. ‘सेक्रेटरी मॅडमना कुत्री चालत नाहीत,’ हे नव्या भाडेकरूला वॉचमन पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. ते निम्मं खरं आहे. कुत्र्यांशी माझं काही वाकडं नाही, फ्लॅटमधल्या कुत्र्यांशी होतं.

माझं लहानपण जुन्नर तालुक्यात गेलं. आमच्याकडे कुत्रं असायचं ते अंगणात. ऊन चढलं की ते आपणहून उठायचं आणि रांजणाखालच्या ओल्या मातीत जाऊन पसरायचं. भूक लागली की ओट्याशी यायचं, दुखलंखुपलं की गवत खाऊन गोठ्यामागे पडून राहायचं. त्याची काळजी कोणी घेत नसे आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसावं. कुत्री लवकर मरायची हेही खरं, पण तो हिशेब तेव्हा कोणी ठेवत नव्हतं.

पुढे नोकरीच्या निमित्ताने नवी मुंबईत आले. सिडकोची स्थापना १९७० सालची. त्यांनी सुरुवातीला बांधलेल्या घरांत चार मजले म्हणजे खूप झाले, लिफ्ट नाही, खाली मोकळी जागा. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरिया यांनी बसक्या घरांचं आणि मधल्या चौकांचं आखलं. अशा वस्तीत कुत्र्याला दारातून बाहेर पडलं की जमीन मिळते. आता पुनर्विकासात तेच लोक विसाव्या-पंचविसाव्या मजल्यावर जायला लागले आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांची जनावरंही. माझं मत ठाम होतं. ज्याला स्वतःची सावली निवडता येत नाही, दार उघडता येत नाही, असं जनावर चौदाव्या मजल्यावर ठेवणं हा त्याचा छळ आहे, मग त्याला कितीही महागाचं खाणं घाला. आणि तरीही पाळायचंच असेल, तर त्याचं तुमचं तुम्ही बघा. व्यवस्थापन समितीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

यातला पहिला भाग आजही मी बराचसा धरून आहे. दुसरा मात्र पार उलटला, आणि तो पहिल्यामुळेच उलटला, हे मला मांडायचं आहे.

वसंत ऋतू नवी मुंबईत पंचांगातच जास्त भेटतो. फेब्रुवारी अर्धा सरला की थंडी निघून जाते, डोंगरउतारावर पळस फुलतो, खाडीकाठच्या पाणथळीत फ्लेमिंगो असतात, वाशीच्या एपीएमसीत हापूसच्या पेट्या वाढू लागतात. सोसायटीच्या कारभारात याच दिवसांत मार्चअखेरचे हिशेब, कंत्राटांचं नूतनीकरण, पेस्ट कंट्रोल, टाक्यांची सफाई, माळ्याची नवी लागवड असं सगळं एकदम येतं. होळी आणि पाडवाही यातच. इमारतीतल्या जनावरांच्या तक्रारींनीही तक्रारवही याच दिवसांत भरते. पूर्वी मला वाटे, हा योगायोग. एका मार्चमध्ये जिन्याच्या भिंतीने तो भ्रम घालवला.

चौथ्या मजल्याच्या वळणावर रंगाचे पोपडे निघाले होते. झाडूवाल्या मावशींनी मला तिथे नेलं आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, मला वाटलं कोणी तीळ सांडले. पण हे वर चालत्यात.’’ चष्मा लावून पाहिलं. पोपड्याच्या कडेखालून राईपेक्षाही बारीक तपकिरी ठिपके निघत होते आणि भिंतीने सरळ वर जात होते. एकही खाली येत नव्हता. गोचिडीची पिल्लं.

चौथ्या मजल्यावर कोणाकडेच कुत्रं नाही. दुसऱ्यावर एक बीगल, सहाव्यावर एक लॅब्रेडॉर. ग्रुपवर लगेच जुंपली. दुसऱ्याने सहाव्याकडे बोट दाखवलं, सहाव्याने दुसऱ्याकडे, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी दोघांकडे. लॅब तोवर टिक फीव्हरने दवाखान्यात सलाइनवर होता. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, प्लेटलेट्स घसरल्या होत्या, नाकातून रक्त येऊन गेलं होतं. त्याच्या मालकिणीने औषधाची पावती माझ्यापुढे धरली. ती दर महिन्याला गोचिडीची गोळी देत होती, एखादा दिवस इकडेतिकडे.

पशुवैद्यांना विचारलं तेव्हा जे कळलं त्याने माझी पंचाईत केली. रानातल्या बहुतेक गोचिडी गवतावर बसून जनावराची वाट पाहतात. कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड मात्र सगळं आयुष्य चार भिंतींच्या आत काढू शकते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते, एखाद्या फटीत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालून मरते. पिल्लांना भिंतीने वर चढण्याची खोड असते. प्रत्येक अवस्थेत ती एकदा कुत्र्यावर चढते, रक्त पिते, उतरते आणि पुन्हा फटीत जाऊन कात टाकते. उपाशीपोटी महिनोन् महिने तग धरते. हवा तापायला लागली की हे चक्र भराभर फिरतं. एर्लिकिया आणि बबेसिया हे टिक फीव्हरचे जंतू तिच्याबरोबरच फिरतात.

म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसते ती नुसती पाहुणी. तिचं घर आमच्या जिन्यात होतं. आणि जिना कोणाच्याच फ्लॅटच्या मालकीचा नाही. त्या फटी बुजवायचा अधिकार लॅबच्या मालकिणीला नव्हता, बीगलवाल्यालाही नव्हता. तो माझ्याकडे होता. ‘तुमचं तुम्ही बघा’ हे वाक्य त्या भिंतीसमोर मला उच्चारता येईना. दोन्ही कुत्र्यांना औषध, फटींना सिमेंट आणि जिन्याला फवारणी हे सगळं एकाच वेळी झालं तरच उपयोग होता. एकेकट्याने केलेलं पाण्यात गेलं असतं. गेलंही होतंच.

मग फवारणीचा विषय निघाला. लिफ्टमधली नोटीस मीच लिहीत असे. ‘उद्या सकाळी ११ वाजता पेस्ट कंट्रोल होईल. सहकार्य करावे.’ संपलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने, ज्याच्याकडे दोन मांजरं आहेत, खाली येऊन विचारलं, ‘‘काकू, औषध कोणतं आहे?’’ मला नाव माहीत नव्हतं. कंत्राटदारालाही फोन करून विचारावं लागलं.

कीटकनाशकांतल्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांपैकी काही, विशेषतः परमेथ्रिन, कुत्र्याला सोसतं पण मांजराला सोसत नाही, कारण मांजराचं यकृत ते पुरेसं मोडू शकत नाही. कुत्र्याच्या पाठीवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध चुकून मांजराला लावलं तर ते थरथरायला लागतं, झटके येतात, जीवही जातो. माशांना हा सगळा गटच फार घातक, आणि फवाऱ्याने पक्ष्यांनाही त्रास होतो. आमच्या इमारतीत फिशटँक आहेत, एकाकडे लव्हबर्ड्स आहेत. डासांसाठी धूर मारतात तेव्हाही खिडक्या लावून टँकवर झाकण घालायला वेळ मिळायला हवा. तो वेळ देणं नोटीस लावणाऱ्याच्या हातात असतं.

उंदरांचं औषध त्याहून वाईट. पंपरूमच्या मागे आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी आम्ही रॅट केक टाकत होतो. त्यातलं ब्रोमाडिओलोनसारखं औषध रक्त गोठू देत नाही, पण लक्षणं दिसायला काही दिवस जातात, आणि तोवर कुत्र्याने नेमकं कधी आणि काय खाल्लं हे कोणालाच आठवत नसतं. वेळेत कळलं तर त्यावर ‘के’ जीवनसत्त्वाचा उपचार आहे. झिंक फॉस्फाइड असेल तर त्यावर उतारा नाही. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘खाल्लं काय?’ त्याचं उत्तर जनावराच्या मालकाकडे नसतं, सोसायटीच्या स्टोअररूममध्ये पडलेल्या वेष्टनावर असतं.

आता आमची नोटीस दोन दिवस आधी लागते. औषधाचं नाव, जागा, वेळ आणि फरशी वाळेपर्यंत कुठे फिरकू नये, एवढं त्यात असतं. खर्च एका कागदाचा.

उन्हाच्या बाबतीत मी स्वतः बनवलेला नियमच आडवा आला. ज्येष्ठ नागरिकांना सकाळी चालायला पोडियम मोकळं हवं, संध्याकाळी मुलांना खेळायला हवं. म्हणून कुत्र्यांना पोडियमवर आणायची वेळ आम्ही सकाळी १० ते दुपारी ४ अशी ठेवली होती. सर्वसाधारण सभेत तो ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. मलाही तो समंजस वाटला होता. मार्चमध्ये कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, ‘मॅडम, अकरा वाजता चप्पल काढून उभ्या राहून दाखवा.’ टोमणाच होता, पण मी गेले. पेव्हर ब्लॉकवर दहापर्यंतही मोजता आलं नाही. कृत्रिम हिरवळीवर तर त्याहून चटका.

मार्च म्हणजे सौम्य महिना, हा आपला समजच चुकीचा आहे. सांताक्रूझला १९५६ च्या २८ मार्चला ४१.७ अंशांची नोंद आहे. आणि आकडा तेवढा चढायचीही गरज नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला उघड्यावर बसलेल्यांपैकी १४ माणसं उष्माघाताने गेली. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भातला माणूस ३८ ला हसेल, पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही. कुत्र्याला तर अंगभर घामही नाही. थोडा पंजांना येतो, बाकी सगळी भिस्त धापेवर. हवेत आधीच ओल असेल तर धापेने अंग थंड होत नाही. पग, बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि पर्शियन मांजरांना तर धाप लागणंही जड जातं. कुत्र्याचं तापमान एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. उन्हात ते १०४ च्या वर गेलं की घाई करायची. नळाच्या पाण्याने अंग भिजवायचं, पंख्याखाली ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा. पण मुळात त्याला अकरा वाजता तापल्या फरशीवर कोणी आणलं? आमच्या ठरावाने. वेळ आता पहाटे साडेपाच ते साडेसहा आणि रात्री नऊनंतर अशी आहे. ज्येष्ठांचा अर्धा तास गेला, त्यावरून महिनाभर कुरबूर चालली.

खिडक्यांचा वाद सगळ्यांत लांबला. बाहेरून जाळी लावायची नाही, इमारतीचं इलेव्हेशन बिघडतं, हा आमचा लाडका नियम. सातव्या मजल्यावरच्या जोडप्याने मांजरासाठी जाळीचा अर्ज केला आणि आम्ही तो नाकारला. मांजराला पडण्याचं भय कशाला, ते तर चार पायांवरच उतरतं, असं सभेत एकजण म्हणाले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मांजर हवेत वळतं हे खरं. पण न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाच महिन्यांत उंचावरून पडून आलेली १३२ मांजरं मोजली आहेत. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली, हेच सगळीकडे सांगितलं जातं. जी जागीच मेली ती रुग्णालयात कशाला येतील? आणि वाचलेल्यांतही फुप्फुसाला मार, मोडलेला जबडा, मोडलेले पाय अशी रड होतीच. हवा तापते, खिडक्या उघड्या राहायला लागतात, तेव्हा हे अपघात वाढतात. आपल्याकडे त्यात एसीच्या बाहेरच्या युनिटवर घुमणारं कबुतर असतं. मांजराचे डोळे त्याच्यावर, आणि मध्ये डासांची सरकती जाळी, जी पंजाच्या एका दणक्याने चौकटीतून सुटते. नसबंदी न केलेलं मांजर माजावर असेल तर ते कबुतराविनाही बाहेर पडायला बघतं.

गंमत अशी की डक्टच्या बाजूने कबुतरांसाठी नायलॉनची जाळी आम्हीच लावून घेतली होती. म्हणजे आमच्या घाणीच्या त्रासापायी इलेव्हेशन बिघडलं तर चालतं. ही विसंगती मला एका नववीतल्या मुलीने सभेत दाखवून दिली, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता चौकटीच्या आतून, एकाच रंगाची, स्टीलची बारीक जाळी चालते. नायलॉन उन्हाने कुजतं आणि मांजर ते दातांनी तोडतं, म्हणून ते नको. लहान मुलं असलेल्या घरांनीच आधी जाळ्या बसवून घेतल्या, हे मी सभेच्या इतिवृत्तात मुद्दाम लिहून ठेवलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते, पण त्यांचंही तेच आहे. एप्रिलमध्ये दारोदारी रात्रभर ठेवलेल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यांत आंब्याच्या कोयी असतात. कुत्रं कोय गिळतं, ती आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते. पाडव्याच्या श्रीखंडातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडवू शकतात; कांदा कुत्र्या-मांजरांच्या रक्ताला घातक. होळीचा रंग अंगावर पडला की जनावर तो चाटून पोटात घेतं. माळ्याने शोभेसाठी लावलेला सायकस कुत्र्याच्या यकृताला विष, कण्हेर हृदयाला, आणि स्वागताच्या फुलदाणीतली लिली मांजराच्या मूत्रपिंडांना. माळ्याला यादी देणं, डबे सकाळी बाहेर ठेवायला लावणं, रंग खेळायची जागा आखून देणं ही कामं एकट्या घराने करून होत नाहीत.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २६ फेब्रुवारी २०१५ चं परिपत्रक माझ्या फाइलमध्ये पहिल्यापासून होतं. सोसायटीला पाळीव जनावरांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यात आहे. मी ते आमच्या हातांत घातलेली बेडी म्हणून वाचत असे. सीवूड्समधल्या एका संकुलात भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून इतकं पेटलं की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आमच्याकडेही बहुतेक वाद याच थाटात चालत. कुत्रं ठेवायचं की नाही, लिफ्टमध्ये घ्यायचं की नाही. ते इथे राहतंच आहे, तर भिंतीच्या फटीचं काय, हा साधा प्रश्न त्यात कुठे येतच नसे.

ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांनी मेंटेनन्समधून याचे पैसे का द्यावेत, हे मला अजून दर सभेत विचारलं जातं. पूर्वी तो प्रश्न मीच विचारायचे, म्हणून उत्तर देताना अवघडायला होत नाही. रॅट केक रांगत्या मुलाच्याही हाती लागतो. गोचीड कुत्रं मिळालं नाही तर माणसालाही चावते. आणि बहुतेक गोष्टींना पैसे लागतच नाहीत, वेळ बदलावी लागते आणि नोटीस नीट लिहावी लागते.

सगळंच बदललं असं मात्र कोणी समजू नये. नेरुळच्या उकाड्यात हस्की पाळणाऱ्याला मी आजही तोंडावर सांगते की हे बरं नाही. दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवलेल्या कुत्र्याची तक्रार मी स्वतः नोंदवते. पट्ट्याशिवाय लिफ्टमध्ये आणणं, घाण न उचलणं, महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र मागितल्यावर आरडाओरडा करणं, यातलं काहीही मी खपवून घेत नाही. उलट आता माझा आग्रह वाढला आहे. समितीने फटी बुजवल्या, तर गोचिडीची गोळी एक दिवसही चुकवायचा हक्क मालकाला उरत नाही.

फ्लॅटमधल्या जनावराला स्वतःची सावली निवडता येत नाही, हे माझं जुनं म्हणणं होतं. त्यावरून मी निष्कर्ष काढला होता की ते पाळू नये. पण ते पाळलं गेलेलं आहे, माझ्या डोक्यावर आणि पायाखाली राहतं आहे, आणि त्याची सावली, फरशी, खिडकी, हवा यांतलं बरंचसं मी सही करते त्या कागदांवर ठरतं. मग त्याच वाक्यातून निघतं ते माझ्यावरचं काम. येत्या सर्वसाधारण सभेत मी एक विषय मांडणार आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात समितीने जिने, गच्ची, पोडियम, बाग आणि स्टोअररूम फिरून तपासावी, आणि त्या फेरीत जनावर पाळणारा एक आणि न पाळणारा एक सभासद बरोबर असावा. न पाळणाऱ्यांतून माझं नाव मी आत्ताच दिलं आहे.